आकाशांतून पडलेली खाण

जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांत इ. स. १६२१ सालची एक हकीकत नमूद आहे. पंजाबांत जालंदर परगण्यांतील एका गांवीं पहाटेच्या सुमारास पूर्वेकडून भयंकर गडगडाट ऐकूं आला, आकाशांतून एक तेजाचा लोळ खालीं आला आणि कांहीं जमीन होरपळून गेली. परगण्याच्या अंमलदारानें ती जागा खणविली. खोल खणीत गेल्यावर लोखंडाचा एक तापलेला गोळा हातीं लागला. तो थैलींत घालून, मोहर करून दरबारीं रवाना झाला. वजन केलें तें १६० तोळे भरलें. बादशहानें उस्ताद दाऊद नांवाच्या कारागिरास त्याचीं हत्यारें करण्याचा हुकूम दिला; परंतु तें लोखंड घणाखालीं टिकेना, ठोकतांच फुटूं लागलें. अखेरीस तीन भाग हें लोखंड आणि एक भाग साधें लोखंड असा मिलाफ करून दोन तरवारी, एक कट्यार व एक सुरी घडविण्यांत आली. त्यांतील सुरी हल्लीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत आहे.

आकाशांतील धातु माणसानें कामीं लावल्याचें हें पहिलें उदाहरण अर्थातच नव्हे. ईजिप्तच्या तुतांखामेन राजाच्या ममीबरोबर मिळालेला खंजीर अशनीच्या लोखंडाचा आहे, असें त्यांतील निकेलच्या प्रमाणावरून २०१६ सालीं सिद्ध झालें. ग्रीनलंडमधील एस्किमो लोक कित्येक शतकें एका प्रचंड अशनीचे कपचे काढून त्यांचीं सुऱ्यांचीं पातीं करीत असत. त्या अशनीचा सर्वांत मोठा, एकतीस टन वजनाचा तुकडा पीअरी या ध्रुवप्रवाशानें १८९७ सालीं न्यूयॉर्कला नेला, आणि पुढें तेथील संग्रहालयानें पीअरी कुटुंबास चाळीस हजार डॉलर देऊन तो विकत घेतला. एस्किमोंना त्या व्यवहारांत काय मिळालें, याचा हिशेब मात्र कोठें फारसा मांडलेला आढळत नाहीं.

परंतु हे सारे प्रकार आयत्या पडलेल्या वस्तु उचलण्याचे होत. आकाशांतून आलेल्या धातूचा सांठा कोठें आहे याचा अंदाज बांधावयाचा, जमिनीचा कायदेशीर हक्क मिळवावयाचा, कंपनी काढावयाची, भाग विकावयाचे आणि गिरमिटें लावून खाली उतरावयाचें, हा उद्योग प्रथम केला तो डॅनिएल मोरो बॅरिंजर या अमेरिकन गृहस्थानें. आज लघुग्रहांवरील प्लॅटिनमच्या गोष्टी मोठमोठे धनिक बोलूं लागले आहेत. त्या बोलण्यांतील बहुतेक आशा आणि बहुतेक अडचणी बॅरिंजरच्या सत्तावीस वर्षांच्या खटाटोपांत आधींच येऊन गेलेल्या आहेत. म्हणून तो इतिहास तपशिलानें पाहण्याजोगा आहे.

तत्पूर्वीं एका प्रश्नाचा उलगडा व्हावयास हवा. आकाशांतील दगडांत मौल्यवान धातु असावे, असें शास्त्रज्ञांस कां वाटतें? याचें उत्तर पृथ्वीच्या बालपणांत आहे. पृथ्वी एके काळीं वितळलेल्या स्थितींत होती. त्या वेळीं जड लोखंड व निकेल केंद्राकडे जाऊन बसलें. आणि सोनें, प्लॅटिनम, इरिडियम, ऑस्मियम इत्यादि ज्या धातूंचें लोखंडाशीं सख्य आहे, ते धातूहि त्याच्या सोबतीनें पाताळांत गेले. माणसाच्या हातीं लागणारा पृथ्वीचा वरचा पापुद्रा या धातूंच्या बाबतींत अगदींच दरिद्री राहिला. मंगळ आणि गुरु यांच्यामधील पट्ट्यांत जे लहान लहान गोल पूर्वीं बनले, त्यांच्यापैकीं कित्येकांची गतिहि अशीच झाली. परंतु पुढें ते एकमेकांवर आदळून फुटले, आणि त्यांचे गाभे उघडे पडले. लोखंडी अशनि म्हणजे अशा एखाद्या फुटक्या गोलाच्या गाभ्याचा तुकडा होय. ज्या पाताळांत पृथ्वीवरील कोणतीहि खाण पोंचूं शकत नाहीं, तें पाताळच जणूं उलटें होऊन आकाशांतून खालीं पडतें.

अमेरिकेंतील अरिझोना संस्थानांत, फ्लॅगस्टाफ व विन्स्लो या गांवांच्या दरम्यान, ओसाड सपाट माळावर एक प्रचंड विवर आहे. त्याची रुंदी पाऊण मैलाच्या आसपास, खोली सुमारें ५७० फूट, आणि भोंवतालचा कांठ माळापासून सुमारें दीडशें फूट वर उचललेला. दुरून पाहणाऱ्यास तो एक बुटका डोंगर वाटतो. वर चढून गेल्यावर पायांखालची जमीन एकदम नाहींशी होते. या विवराच्या आसपास लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते. १८९१ सालीं फिलाडेल्फियाचे खनिजांचे व्यापारी फूट यांनीं ते तपासून अशनीचे ठरविले, आणि त्यांत बारीक हिऱ्यांचे कणहि असल्याचें जाहीर केलें.

ही बातमी ऐकून त्याच वर्षीं अमेरिकन सरकारच्या भूस्तर खात्याचे मुख्य भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तेथें आले. गिल्बर्ट हा त्या काळचा अत्यंत नाणावलेला आणि निःपक्षपाती शास्त्रज्ञ होता. एखादा तारा पडून हें विवर झालें असावें, अशी कल्पना मनांत बाळगूनच तो आला होता, आणि तिची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें दोन कसोट्या योजिल्या. एवढें मोठें भोंक पाडणारा लोखंडाचा गोळा जर खालीं पुरलेला असेल, तर होकायंत्राची सुई विचलित झाली पाहिजे, ही पहिली. आणि तो गोळा विवरांत जागा अडवून बसला असेल, तर कांठावर पडलेल्या मलब्याचें घनफळ खड्ड्याच्या घनफळाहून जास्त भरलें पाहिजे, ही दुसरी. सुई हलली नाहीं. घनफळें जवळजवळ सारखीं निघालीं. गिल्बर्टनें प्रामाणिकपणें आपली आवडती कल्पना टाकून दिली, आणि जमिनीखालीं कोंडलेल्या वाफेचा स्फोट होऊन हें विवर झालें, असा निर्णय दिला. आसपास मृत ज्वालामुखींचा प्रदेश असल्यामुळें तो निर्णय सर्वांस पटलाहि. मौज अशी कीं, चंद्रावरील विवरें मात्र बाहेरून आदळलेल्या वस्तूंमुळें झालेलीं आहेत, असें प्रतिपादन याच गिल्बर्टनें त्या सुमारास केलें होतें.

१९०२ सालीं टूसॉन शहरांत हॉलसिंगर नांवाच्या एका सरकारी नोकरानें बॅरिंजरला या विवराची व तेथल्या लोखंडाची गोष्ट सांगितली. बॅरिंजर तेव्हां बेचाळीस वर्षांचा होता. प्रिन्स्टनचा पदवीधर, शिक्षणानें वकील, परंतु धंद्यानें खाणींचा जाणकार. अरिझोनांतील कॉमनवेल्थ नांवाच्या चांदीच्या खाणींत भागीदार म्हणून त्यानें मोठी संपत्ति मिळविलेली होती. ज्या माणसानें एकदां जमिनीखालचें न दिसणारें धन नुसत्या अनुमानावर ओळखून काढलें, त्याला दुसऱ्यांदाहि आपला अंदाज खरा ठरेल असें वाटणें स्वाभाविक होतें. आणि बॅरिंजरचा स्वभाव तर एकदां धरलेली गोष्ट सोडणाऱ्यांतला मुळींच नव्हता.

१९०३ सालीं त्यानें बेंजामिन टिल्घमन या मित्राच्या साह्यानें ‘स्टँडर्ड आयर्न कंपनी’ स्थापन केली आणि विवराच्या जमिनीवर खाणीचा हक्क मिळविला. त्याचा विचार सरळ होता. विवराच्या आकारावरून पडलेला गोळा निदान एक कोटी टनांचा असला पाहिजे. सांपडलेल्या तुकड्यांत शेंकडा सुमारें ९२ भाग लोखंड, ७ भाग निकेल आणि शिवाय थोडें प्लॅटिनम व इरिडियम. तेव्हां तो गोळा म्हणजे धुतलेली, वितळविलेली, शुद्ध केलेली अशी तयार खाणच होय. तिच्यापर्यंत एक भोंक पाडलें कीं काम झालें!

विवराच्या उत्पत्तीविषयीं बॅरिंजरनें जें सांगितलें, तें मात्र अक्षरशः खरें निघालें, हें विसरतां कामा नये. १९०६ सालीं त्याचे व टिल्घमनचे निबंध फिलाडेल्फियाच्या विज्ञानपरिषदेनें प्रसिद्ध केले. ज्वालामुखीचा एकहि दगड विवरांत नाहीं. वालुकाश्माचें पिठासारखें चूर्ण लाखों टन पडलें आहे, आणि असें चूर्ण वाफेनें होत नाहीं, प्रचंड आघातानेंच होतें. कांठावर खडकांचे थर उलटे, म्हणजे खालचे वर व वरचे खालीं, पडलेले आहेत. आणि अशनीचे तुकडे त्या मलब्यांत मिसळलेले आहेत, म्हणजे खड्डा पडणें व लोखंड येणें या दोन गोष्टी एकाच क्षणाच्या आहेत. एवढा सबळ पुरावा एका खाणवाल्यानें मांडला; पण सरकारी खात्याचें मत ठरून गेलेलें होतें. गिल्बर्टनें जाहीर रीतीनें उत्तर दिलें नाहीं, आणि त्याच्या अनुयायांनीं बॅरिंजरकडे, भाग विकावयास निघालेला एक धनिक, एवढ्याच दृष्टीनें पाहिलें. विद्वानांच्या वर्तुळाबाहेरील माणसाच्या तोंडून आलेलें सत्य विद्वानांच्या कानांवर उशिरां पडतें, याचा अनुभव सर्वच देशांत आहे.

इकडे खोदकाम चालू होतें. मधोमध घातलेल्या विहिरींत पाणी आणि वाहती वाळू लागली, तेव्हां ती सोडून गिरमिटाचीं भोंकें पाडण्यास आरंभ झाला. १९०८ सालापर्यंत विवराच्या तळांत अशीं २८ भोंकें झालीं. वालुकाश्माचें पीठ निघालें, निकेलचा अंश असलेले गंजके कण निघाले. गोळा मिळाला नाहीं. कोणीहि सामान्य माणूस येथें थांबला असता. बॅरिंजरनें बंदूक घेतली आणि चिखलांत तिरप्या गोळ्या झाडून पाहिल्या. गोळी कितीहि तिरपी गेली तरी भोंक गोलच पडतें, हें त्याच्या लक्षांत आलें. म्हणजे विवर गोल आहे म्हणून अशनि सरळ वरूनच आला असला पाहिजे असें नाहीं. तो उत्तरेकडून तिरपा आला असेल, आणि मधोमध न बसतां दक्षिणेच्या कड्याखालीं जाऊन रुतला असेल. दक्षिणेकडचे थर इतर बाजूंपेक्षां अधिक उचललेले दिसत होते. त्याचा अर्थ आतां लागला असें त्याला वाटलें.

या नव्या आशेला पैसा मिळण्यास बराच काळ गेला. १९२० नंतर एका मोठ्या खाण कंपनीनें पट्ट्यानें जागा घेऊन दक्षिणेच्या कांठावरून गिरमीट सोडलें. तें १,३७६ फूट खोल गेलें आणि अडकून बसलें. पुढेंहि जाईना, मागेंहि येईना. कंपनीनें काम बंद केलें. बॅरिंजरच्या मतें मात्र गिरमीट अडकलें याचाच अर्थ तें अशनीच्या अंगांत घुसलें! ज्या घटनेनें दुसऱ्याची आशा संपली, तिनेंच याची आशा बळावली.

त्या काळीं प्लॅटिनमचा भाव सोन्याच्या कित्येक पटींनीं चढलेला होता. कारण जगास प्लॅटिनम पुरविणाऱ्या रशियांत राज्यक्रांति होऊन तिकडील माल बंद पडला होता. साहजिकच भागधारकांपुढें लोखंड-निकेलपेक्षां प्लॅटिनम-इरिडियमचींच नांवें अधिक वेळां येऊं लागलीं. योगायोग असा कीं, याच सुमारास, १९२४ सालीं, दक्षिण आफ्रिकेंत हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञानें ट्रान्सवालमधील प्लॅटिनमच्या थराचा शोध लावला. त्या थरांतील खडकांत टनामागें कांहीं ग्रॅमच हे धातु असतात, म्हणजे अरिझोनाच्या अशनींतील प्रमाणाहून फारसे अधिक नाहीं. परंतु तो थर मैलच्या मैल सलग पसरलेला आहे, आणि तो जाग्यावर आहे हें दिसत होतें. जगांतील प्लॅटिनमचा धंदा पुढें त्या थराच्या आधारानें उभा राहिला.

१९२६ सालीं विवरासाठीं नवी कंपनी निघाली, आणि दक्षिणेस माळावर एक विहीर घालण्यास सुरुवात झाली. ती कित्येक शें फूट खोल गेल्यावर पाण्याचा असा लोंढा लागला कीं, पंप पुरे पडेनात. आणखी पैसा ओतावा कीं नाहीं, हा प्रश्न संचालकांपुढें आला. तेव्हां त्यांच्यापैकीं कोणाला तरी वाटलें, कीं एकदां या गोळ्याचें खरें वजन गणितानें काढून घ्यावें. सव्वीस वर्षें खोदकाम झाल्यावर हा प्रश्न विचारण्यांत आला, हें नवल खरें.

हें काम फॉरेस्ट रे मोल्टन या ज्योतिर्गणितज्ञाकडे सोंपविण्यांत आलें. ग्रहांच्या उत्पत्तीविषयींच्या सिद्धांतामुळें त्याचें नांव जगभर झालेलें होतें. ऑगस्ट १९२९ मध्यें त्याचा पहिला अहवाल आला. गोळा एक कोटी टनांचा नव्हे. फार तर तीन लाख टनांचा असावा. आणि तोहि खालीं शिल्लक असण्याचा संभव नाहीं. बॅरिंजर व त्याचे पाठीराखे खवळून उठले. टपालानें वादाचा धुरळा उडाला. मोल्टननें नोव्हेंबरमध्यें १२७ पानांचा दुसरा अहवाल पाठविला, आणि त्यांत एकेक आक्षेप घेऊन त्याचें निरसन केलें. मधल्या काळांत न्यूयॉर्कचा भाग-बाजार कोसळलेला होता. संचालकांनीं काम थांबविलें. ३० नोव्हेंबर १९२९ रोजीं बॅरिंजर हृदयविकारानें वारला. त्याच्या संपत्तीचा बहुतेक भाग त्या विवरांत गेला होता.

मोल्टनचें गणित समजण्यास अवघड नाहीं. वस्तूच्या गतींत जी शक्ति असते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. अलीकडील हिशेबाप्रमाणें अरिझोनाचा अशनि जमिनीस पोंचला तेव्हां त्याचा वेग सेकंदास सुमारें १३ किलोमीटर असावा. या वेगानें येणाऱ्या एक किलो लोखंडांत सुमारें वीस किलो सुरुंगाच्या दारूइतकी, म्हणजे टी.एन.टी.इतकी, शक्ति असते. मग तीन लाख टन लोखंडाची शक्ति साठ लाख टन टी.एन.टी.च्या घरांत जाते. अशी वस्तु थांबली म्हणजे रुतत नाहीं; तिचा स्फोट होतो. विवर पाडलें तें गोळ्याच्या आकारानें नव्हे, त्याच्या वेगानें. पन्नास मीटरांच्या आसपास व्यासाचा दगड बाराशें मीटर रुंदीचा खड्डा पाडून स्वतः वितळतो, वाफ होतो आणि थेंब-थेंब होऊन आसमंतांत उडून जातो. न्यूझीलंडमधील गिफर्ड या शिक्षकानें चंद्रावरील विवरांसंबंधानें हीच उपपत्ति १९२४ सालीं मांडली होती. परंतु ती अरिझोनाच्या खाणवाल्यांपर्यंत पोंचली नाहीं.

येथें गिल्बर्ट आणि बॅरिंजर या दोघां प्रतिपक्ष्यांचें एक विलक्षण साम्य दृष्टीस पडतें. मोठें विवर पाडावयास मोठा गोळा लागतो, आणि तो खालीं राहिलाच पाहिजे, हें दोघांचेंहि गृहीत होतें. गोळा नाहीं, म्हणून अशनि पडलाच नाहीं, असें एक म्हणाला. अशनि पडला, म्हणून गोळा असलाच पाहिजे, असें दुसरा म्हणाला. दोघांचाहि तर्क निर्दोष होता. पाया मात्र एकच आणि तोच खोटा होता. चूक सारखी असूनहि एकाची प्रतिष्ठा राहिली आणि दुसऱ्याची संपत्ति गेली, कारण एकाची चूक कागदावर होती.

पुढील पुरावा हळूहळू जमत गेला. अशनींचे संग्राहक हार्वे निनिंगर यांना १९४६ सालीं विवराभोंवतालच्या मातींत लोखंड-निकेलचे सूक्ष्म गोल कण सांपडले. वाफ होऊन पुन्हां थिजलेल्या अशनीचे ते थेंब होते. बॅरिंजरचा गोळा खरोखरच तेथें होता, परंतु तो मातींत पसरलेला होता. १९६० सालीं युजीन शूमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांस विवराच्या खडकांत कोएसाइट नांवाचें गारेचें एक रूप आढळलें. तें प्रचंड दाबाखेरीज होत नाहीं. नेवाडांतील अणुस्फोटांच्या खड्ड्यांशीं शूमेकरनें विवराची तुलना केली, ती तंतोतंत जुळली. उत्पत्तीचा वाद मिटला आणि बॅरिंजरचें म्हणणें मरणोत्तर मान्य झालें. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या प्रवाशांना शिक्षणासाठीं याच विवरांत आणण्यांत आलें. विवर बॅरिंजरच्या वारसांकडेच राहिलें. तिकीट काढून तें पाहावयास येणाऱ्या प्रवाशांपासून त्यांस उत्पन्न मिळतें.

प्लॅटिनमचा हिशेब करावयाचा तर असा करतां येईल. टनामागें पांच ग्रॅम धरले, तर तीन लाख टनांच्या सबंध गोळ्यांत दीड हजार किलो प्लॅटिनम होतें. पृथ्वीवरील खाणींतून दरवर्षीं सुमारें १८० टन प्लॅटिनम निघतें. म्हणजे गोळा अखंड सांपडला असता, तरी त्यांतील प्लॅटिनम जगाच्या तीन-चार दिवसांच्या उत्पादनाइतकें भरलें असतें.

अशनिपातानें मनुष्याला खाण कधींच दिली नाहीं, असें मात्र नव्हे. कानडांत सडबरी येथें निकेल, तांबें व प्लॅटिनमचे विपुल सांठे आहेत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग घालतांना १८८३ सालीं ते उघडकीस आले. सुमारें १८५ कोटी वर्षांपूर्वीं तेथें एक महाकाय पिंड आदळला होता, हें रॉबर्ट डीट्झ यांनीं १९६४ सालीं सुचविलें आणि पुढें तें सर्वमान्य झालें. परंतु तेथील धातु बहुतांशीं त्या पिंडाचे नव्हेत. आघातानें पृथ्वीचाच खडक समुद्रासारखा वितळला, आणि त्या रसांत मुळांत पांगलेले धातु तळाशीं सांचून एकत्र आले. आकाशानें तेथें धन आणलें नाहीं. भट्टी पेटवून दिली. महाराष्ट्रांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवरहि अशाच आघाताचें विवर आहे. त्याची रुंदी सुमारें १८०० मीटर, म्हणजे अरिझोनाच्या विवराहून अधिक. आणि काळ्या बसाल्टांत झालेलें असें विवर असल्यामुळें, चंद्राच्या अभ्यासकांना त्याचें विशेष महत्त्व वाटतें. तेंहि पुष्कळ काळ ज्वालामुखीचें समजलें जात होतें. १९७३ सालीं आघाताच्या खुणा असलेल्या काचेचा पुरावा प्रसिद्ध झाल्यावर तें मत मागें पडलें. तेथेंहि अशनीचा मोठा तुकडा सांपडलेला नाहीं. लोणारच्या लोकांनीं शतकानुशतकें त्या विवरांतून काढला तो खार.

आतां लघुग्रहांकडे वळावयाचें. पहिला लघुग्रह सीरीझ हा पालेर्मोच्या वेधशाळेंत प्याझ्झी यांनीं १८०१ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस पाहिला. १८९८ सालीं विट यांस ईरॉस सांपडला, आणि कांहीं लघुग्रह पृथ्वीच्या बरेच जवळ येतात हें कळून आलें. त्यानंतर सोन्याच्या गोळ्यांचीं स्वप्नें पडण्यास वेळ लागला नाहीं. ज्यूल व्हर्नची सोन्याच्या उल्केवरील कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९०८ सालीं, म्हणजे बॅरिंजर विवराचा तळ पोखरीत होता त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाली. तींत सोन्याचा एक प्रचंड गोळा पृथ्वीकडे येत आहे, या नुसत्या वार्तेनेंच बाजार हादरतात. कादंबरीकाराला जें सुचलें तें पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांस आजहि पुनःपुन्हां सांगावें लागतें: दुर्मिळतेमुळें जी किंमत आहे, ती वस्तु मुबलक आणली कीं किंमतच उरत नाहीं.

२०१२ सालीं अमेरिकेंत ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ नांवाची कंपनी मोठ्या गाजावाजानें पुढें आली. गूगलचे लॅरी पेज व एरिक श्मिट यांच्यासारख्यांचा पैसा तिच्या पाठीशीं होता. प्लॅटिनमनें समृद्ध अशा पांचशें मीटरांच्या एकाच लघुग्रहांत, मनुष्यानें आजवर काढलेल्या सर्व प्लॅटिनमवर्गीय धातूंहून अधिक धातु असतील, असें तिचें म्हणणें. पुढच्याच वर्षीं ‘डीप स्पेस इंडस्ट्रीज’ ही दुसरी कंपनी निघाली. कायदाहि त्यांच्या साह्यास आला. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें कोणत्याहि राष्ट्रास आकाशस्थ गोलावर स्वामित्व सांगतां येत नाहीं. तरी तेथून काढलेला माल काढणाऱ्याचा, असा कायदा अमेरिकेनें २०१५ सालीं आणि लक्झेंबर्गनें २०१७ सालीं केला. माल हातीं येण्यापूर्वींच त्याच्या मालकीची व्यवस्था झाली. परंतु पहिली कंपनी २०१८ सालीं दुसऱ्याच धंद्यांतील मंडळींनीं विकत घेतली, आणि दुसरी २०१९ च्या आरंभीं विकली गेली. दोहोंपैकीं एकीचेंहि यान कोणत्याच लघुग्रहापर्यंत गेलें नाहीं.

सरकारी मोहिमांचा हिशेब अधिक बोलका आहे. जपानच्या पहिल्या हायाबुसा यानानें २०१० सालीं इटोकावा लघुग्रहाचे कण आणले. त्यांचें सारें वजन एक मिलिग्रॅमहि नव्हतें. दुसऱ्या हायाबुसानें २०२० सालीं र्युगूवरून ५.४ ग्रॅम माती आणली. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानानें २४ सप्टेंबर २०२३ रोजीं बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम आणली. त्या मोहिमेस शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. हा खर्च ज्ञानासाठीं होता, व्यापारासाठीं नव्हता, आणि त्या दृष्टीनें तो वाजवीच आहे. पण तोळ्यांत मोजावयाचा माल आणण्यास एवढी यातायात पडते, तर टनावारी माल आणणें कसें असेल याची कल्पना त्यावरून येते.

आणि मोल्टनचें गणित येथेंहि पिच्छा सोडीत नाहीं. दूरवरून पृथ्वीवर येणाऱ्या कोणत्याहि वस्तूचा वेग सेकंदास निदान ११ किलोमीटर होतो. म्हणजे प्रत्येक किलो मालाबरोबर पंधरा किलो टी.एन.टी.इतकी शक्ति चालून येते. फुकट येऊं दिला, तर माल अरिझोनासारखा उधळून जातो. सुखरूप उतरवावयाचा, तर उष्णता सोसणारीं कवचें, छत्र्या, दिशा देणारीं यंत्रें हीं सर्व आधीं पृथ्वीवरून वर न्यावीं लागतात. शिवाय धातु तेथें शुद्ध पडलेला नाहीं. लोखंडाच्या टनांतून कांहीं ग्रॅम, फार तर कांहीं दशक ग्रॅम, प्लॅटिनम वेगळें करावयाचें. तेंहि जेथें हवा नाहीं, पाणी नाहीं आणि दगड जमिनीला धरून राहात नाहीं अशा ठिकाणीं. मग कोणता लघुग्रह योग्य, हा प्रश्न आहेच. हार्वर्ड येथील खगोलज्ञ मार्टिन एल्व्हिस यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबांत, धातूंचें प्रमाण, आकार आणि जाण्याची सुलभता या तिन्ही कसोट्यांस उतरणारे, पृथ्वीजवळचे प्लॅटिनमयुक्त लघुग्रह जेमतेम दहाच निघाले. आणि ते दहा कोणते, हें शोधून काढावयाचेंच आहे.

याचमुळें विचारी माणसें आतां प्लॅटिनमपेक्षां पाण्याकडे अधिक लक्ष देतात. कांहीं लघुग्रहांच्या खनिजांत पाणी बांधलेलें असतें. तें तेथेंच काढून, त्याचें इंधन करून तेथेंच वापरलें, तर पृथ्वीवर उतरविण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं, आणि पृथ्वीवरून पाणी वर नेण्याचा जबर खर्च वांचतो. हा व्यवहार पटण्यासारखा आहे. मात्र त्याला गिऱ्हाईक हवें, आणि तें आकाशांतच राहणारें हवें.

प्लॅटिनमचा नाद सर्वांनींच सोडला आहे असें नाहीं. २०२२ सालीं निघालेल्या ‘ॲस्ट्रोफोर्ज’ या अमेरिकन कंपनीनें ‘ओडिन’ नांवाचें लहानसें यान एका लघुग्रहाजवळून जाऊन पाहणी करण्यासाठीं फेब्रुवारी २०२५ मध्यें सोडलें. सुटल्यावर लवकरच त्याच्याशीं संपर्क तुटला. तिकडे नासाचें एक यान ऑक्टोबर २०२३ मध्यें सायकी या लघुग्रहाकडे निघालें असून तें २०२९ सालीं तेथें पोंचावयाचें आहे. सायकीचा शोध नेपल्सच्या डी गॅस्पारिस यांनीं १८५२ सालीं लावला. त्याचा व्यास सुमारें २२० किलोमीटर असून तो एखाद्या गोलाचा उघडा पडलेला लोखंडी गाभा असावा, असा बराच काळ समज होता. वर्तमानपत्रांनीं त्याची किंमतहि परार्धांच्या पटींत छापून टाकली. पुढें त्याची घनता मोजली, ती पाण्याच्या सुमारें चौपट भरली. निव्वळ लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट असते. तेव्हां त्यांत लोखंड किती, दगड किती आणि पोकळ्या किती, हें ठरविण्याचें काम त्या यानाकडे आहे. तें सायकीभोंवतीं फिरून मोजमाप घेईल. त्यावर उतरण्याची किंवा तेथून कांहीं परत आणण्याची योजना त्यांत नाहीं.